डायल आणि ग्लास : ६५ नॉट्सचा घोळ

वैमानिक प्रशिक्षणाच्या मागच्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिले होते की फायनलवरचा, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यातला, वेग आता माझ्या हाताशी आला आहे; गुरुवारच्या पाच सर्किट्सनी (उड्डाण करून धावपट्टीभोवती फिरून पुन्हा उतरण्याच्या फेऱ्या) तो थाट पुरता उतरवला. सलग अकरा उड्डाणे जी-१००० (म्हणजे 'ग्लास', डायलऐवजी स्क्रीनचे पॅनेल) असलेल्या सेसना १७२एस या छोट्या विमानावर झाल्यानंतर ते विमान शंभर तासांच्या तपासणीसाठी हँगरमध्ये गेले आणि मला डायलवाले १७२एस मिळाले. प्रकार तोच, वेग तेच, फायनलवर धरायचे ६५ नॉट्सही तेच, त्यामुळे फक्त काचेच्या जागी काटे एवढाच फरक असेल अशा समजुतीत मी बसले.

पहिल्या फायनलवर वेग ७५, मग दचकून नाक वर, मग ५८, मग पॉवर, मग पुन्हा ७४. धावपट्टीवर विमान तरंगतच राहिले आणि गो-अराउंड घ्यावा लागला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावे लागले. दुसऱ्या सर्किटमध्ये हाच खेळ जरा सौम्यपणे झाला. तिसऱ्यातही सुधारणा होईना, तेव्हा चूक हाताची नसून डोळ्यांची असावी असे वाटू लागले.

आता कळते की अकरा उड्डाणांत मी वेग पाहतच नव्हते. पीएफडीवरच्या (वैमानिकासमोरच्या मुख्य स्क्रीनवरच्या) टेपशेजारी, म्हणजे वेगाच्या आकड्यांच्या सरकत्या पट्टीशेजारी, जी गुलाबी रेघ वरखाली होते, तो ट्रेंड व्हेक्टर आणखी सहा सेकंदांनी वेग किती असेल ते सांगतो, आणि मी विमान त्या रेघेच्या टोकाने उडवत होते. डायलमध्ये ती सोय नाही. काटा सरकल्यावर मी जागी होत होते, तोवर नाक जिथे जायचे तिथे गेलेले असे, आणि मग माझी दुरुस्ती दुप्पट होत असे. शिवाय टेपच्या सवयीने मी डायलवरही आकडा वाचायला जात होते, जेव्हा काट्याची जागा नुसती पाहणे पुरेसे आहे : १७२एसची पांढरी कमान (पंखांचे फ्लॅप्स पूर्ण उघडून उडता येते त्या वेगांची खूण) ४० ते ८५ नॉट्सची असते, म्हणजे ६५ चा काटा तिच्या जवळपास मध्यावर येतो.

चौथ्या सर्किटच्या डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेच्या टप्प्यावर, आणखी एक फजिती झाली. दिशा दाखवणारा हेडिंग इंडिकेटर होकायंत्रापेक्षा दहा अंशांनी सरकलेला निघाला. ग्लासमध्ये मॅग्नेटोमीटर (चुंबकीय दिशा मोजणारा सेन्सर) ते जुळवण्याचे काम परस्पर करतो, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी जुळवून घेण्याची माझी सवय केव्हाच गळून पडली होती.

पाचव्या सर्किटला बेस लेगवर (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर) माझ्या प्रशिक्षक सरांनी काही न बोलता एअरस्पीडच्या डायलवर तळहात ठेवला. "नाक क्षितिजाच्या किती खाली आहे ते बघ, पॉवर पंधराशे आरपीएमला ठेव, आणि ट्रिम कर," एवढेच ते म्हणाले. फायनलवर त्यांनी हात काढला तेव्हा काटा ६६ वर होता आणि हलत नव्हता. त्यानंतरचा फ्लेअर (टेकण्याआधी नाक वर उचलणे) जरा उंचावर झाला, पण मी तो या नोंदीत मोजणार नाही.

घरी सरावासाठी संगणकावरचे उड्डाण सिम्युलेटर एक्स-प्लेन १२ उपयोगी पडते, कारण त्यात १७२ दोन्ही पॅनेलसह मिळते. डोळे फिरवण्याच्या सवयीसाठी ते छान आहे, मात्र माउसने नॉब फिरवून आल्टिमीटर (उंचीमापक) लावण्यातून हाताला काहीही शिकायला मिळत नाही. खुर्चीत बसून करायच्या सरावासाठी मागवलेले पॅनेलचे लॅमिनेटेड पोस्टर मूळ मापापेक्षा बरेच लहान आले आणि त्यावरची पांढरी कमान करड्या रंगात छापली गेली आहे, म्हणजे नेमके जे पाहायचे तेच दिसत नाही. शेवटी पॅनेलचा फोटो काढून चार कागदांवर मूळ मापात छापला आणि भिंतीला चिकटवला.

परवान्यापर्यंत फक्त ग्लासवरच राहायचे आणि डायल नंतर पाहायचे, असा बेत मी या नोंदीच्या शेवटी लिहिणार होते. पण लिहितानाच वाटले की खरा दोष ग्लासवरच दडून बसला आहे, डायलने तो फक्त उघडा केला. म्हणून पुढची तीन उड्डाणे डायलवर मागणार आहे, आणि ग्लासवाले विमान परत आले की टेपच्या पट्टीवर चिकटचिठ्ठी लावून सर्किट करू देतील का, हे सरांना विचारणार आहे. चिठ्ठ्यांचा गठ्ठा नी-बोर्डला (मांडीवर बांधायच्या लेखनफळीला) लावून ठेवला आहे.