दोन ते चारचा पहारा

सप्ताहाचा पाचवा दिवस. पहाटेचे पाच. देवळात काकडा चालू आहे, भोंग्यावरून इथपर्यंत ऐकू येतोय. मी मात्र मधूनच उठून आले आणि अंघोळीआधी ही वही काढली. डोक्यावर पाणी पडलं की मी समजूतदार होते, आणि मग काही लिहिण्यासारखं उरत नाही.

घडलं ते एवढंच. रात्री झोप येईना म्हणून समईत तेल घालायच्या निमित्ताने देवळात गेले. दोन वाजत आले होते. सप्ताहात वीणा रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात राहते आणि नाम चालू राहतं, दोन दोन तासांचे पहारे लावून. बारा ते दोनचा पहारा अण्णांचा. पुढचे दोघं आलेच नव्हते. एकाचा फोन बंद. दुसऱ्याच्या शिवारात रात्रीची लाईट, तो पाणी धरायला गेलेला. अण्णांना साखर आहे, उभं राहून पाय सुजले होते. मला बघितल्यावर म्हणाले, "वहिनी, धरा जरा." आणि गळ्यातली वीणा काढून सरळ माझ्या हातात दिली. चष्मा पुसला, उपरण्याने तोंड पुसलं, मग धाकट्या जावेच्या, खांबाशी झोपलेल्या पोराला हाक मारली. पोरगं डोळे चोळत आलं. अण्णांनी मानेनेच मला खूण केली आणि मी वीणा त्याच्या गळ्यात घातली. पट्टा लांब होत होता, म्हणून गाठ मारून आखूड करून दिला. वर त्याच्या पाया पडले. वीणा घेतलेल्याच्या पाया पडायचा प्रघातच आहे.

आठवीतलं पोर. अजून शर्टाचं वरचं बटण आईकडून लावून घेतं.

रागावण्यासारखं अण्णा काही वागले नाहीत. ते मला हो म्हणाले नाहीत तसे नाहीही म्हणाले नाहीत. मी विचारलंच कुठे? वीणा माझ्या हातात होती. दहा सेकंद म्हणू, फार तर पंधरा. तेवढ्यात "आज मी घेते अण्णा" एवढं म्हणायला काय लागत होतं? तोंड उघडायच्या आत हातांनी काम उरकून टाकलं. गाठ कशी मारली तेही आठवत नाही, इतकी ती सराईत होती.

आणि हे कोणी? ज्या बाईने गेल्या तीन वर्षांत आसपासच्या अकरा गावांत भजनी मंडळं गोळा करून बायकांना उभं राहायला सांगितलं, तिने.

माझी बोलायची पद्धत ठरलेली आहे. कायद्यापासून सुरुवात केली की बायका पदर सावरून घड्याळाकडे बघायला लागतात. म्हणून आधी हरिपाठ, मग जनाई. मग विटाळ देहाचाच असेल तर देह कुणाचा सुटलाय, हा सोयराबाईचा प्रश्न. मग शिऊरच्या बहिणाबाई, नवऱ्याचा मार खाल्ला पण तुकोबांना गुरू मानायचं सोडलं नाही त्यांनी. एवढं झालं की बायका आपणहून बोलायला लागतात. कुणाच्या घरी काय चालतं ते बाहेर येतं. मग मी हेरवाडवर येते: शिरोळ तालुका, मे 2022, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत, असा ठराव एका ग्रामसभेने केला, आणि त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते, हेही मीच सांगते. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरात भरते. सह्या घरोघर फिरून आणतात, सभा चुलीपाशीच.

आमच्या ग्रामसभेत ठरावाला पहिला हात अण्णांनी वर केला होता. म्हणूनच जास्त लागतंय. वाईट माणसाने अडवलं असतं तर आज मी नुसती चिडले असते, आणि चिडणं मला छान जमतं.

शेवट मी नेहमी साने गुरुजींवर करते. 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून. दहाव्या दिवशी ते सुटलं. त्यांना विरोध करणारेही माळकरीच होते, हे मी आवाज बारीक करून सांगते, की ऐकणाऱ्यांनी पुढे झुकावं. गुरुजींनी दहा दिवस उपास काढला. मला दहा सेकंद वीणा धरवली नाही.

हे वाक्य आत्ता सुचलं आणि लिहिताना बरंही वाटलं, म्हणजे त्यात काहीतरी खोट आहे. धरवली नाही कसं? धरली होतीच की. धरायला कुणाचीच हरकत नसते. सप्ताहाच्या आदल्या दिवशी तीच वीणा मी पुसते. तारांना गंज चढलाय का बघते, भोपळ्याला हार घालते. गळ्यात घालायची तेवढी राहते.

बाईने ती गळ्यात घालायची नाही, हा नियम कुठे लिहिलेला नाही. मागे एकदा बुवांना विचारलं होतं, सहज विचारल्यासारखं. ते म्हणाले, पूर्वापार आहे. आमच्या गावचा सप्ताह सुरू झाला तो मी लग्न होऊन आल्यावर तिसऱ्या वर्षी. म्हणजे इथलं पूर्वापार माझ्या संसारापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे. दुसरं कारण कुजबुजत सांगतात, तेही माझ्या बाबतीत संपून चार वर्षं झाली. ते संपलं तेव्हा मनात पहिला विचार हाच आला होता की आता वीणेला हरकत नाही. कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार?

परवाचं कीर्तन एका ताईंचं होतं. काय बोलल्या! मुक्ताई आपल्या थोरल्या भावाला ताटी उघडायला सांगते, ती किती वर्षांची पोर असेल, विचार करा, असं म्हणाल्या आणि मांडव गप्प झाला. त्यांच्या शेजारी वीणा घेऊन उभे होते ते आमच्या मधल्या आळीतले काका. तेव्हा ते माझ्या डोळ्यांत आलंच नाही. आज येतंय.

पारायणाला बसलेल्यांत बायका साठ आणि पुरुष एकोणीस, मी मोजले आहेत. भाकरी कोण थापतं ते लिहीत नाही, ते रडगाणं होईल. डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत चालायचं ते आम्ही. ज्ञानोबांना माउली म्हणायचं, विठ्ठलाला विठाई म्हणायचं, आणि खरीखुरी आई समोर उभी असताना खांबाशी झोपलेलं पोर उठवायचं. देवाला आईपण दिलं की घरच्या आईचा हिशोब चुकता झाला, असं वाटतं का या लोकांना?

पण पुन्हा तेच. पोर त्यांनी उठवलं. पट्टा मी बांधला.

हात असे आधीपासूनच आहेत. दीर गेले ते 2021 चं साल, दवाखान्यातून परस्पर नेलं, कुणाला तोंडही बघता आलं नाही. दहाव्याला धाकटीच्या बांगड्या कुणी उतरवल्या ते मी इथे लिहिणार नाही. तिला माहीत आहे.

काकडा संपला वाटतं. जाते.

*

दुपारी तीन. भांडी घासून झाली, पाठ टेकली आहे.

सकाळी एक गोष्ट लिहिलीच नाही. मुद्दाम नव्हे. अंगावर घ्यायला लाज हीच पहिली पुढे होते, बाकीचं मागे राहतं.

तीनच्या सुमाराला पोरगं उभ्या उभ्या डुलायला लागलं. नामाचा आवाज बारीक होत गेला, "रामकृष्ण" व्हायचं आणि "हरी" यायचाच नाही. अण्णा ओट्यावर घोरत होते. वीणा त्याच्या पोटावरून खाली सरकत चालली होती. सात दिवस ती जमिनीला टेकवायची नाही. टेकली असती तर सकाळी गावात काय झालं असतं त्या पोराचं! मी जाऊन खालून भोपळ्याला हात दिला. मग दुसऱ्या हाताने त्याचा खांदा धरला. मग त्याची बोटं तारेवरून घसरली, तेव्हा तीही मीच छेडायला लागले. आणि नाम कुणीतरी घ्यायला हवं म्हणून तेही माझ्याच तोंडून. चार वाजता काकड्याची माणसं आली तेव्हा पोरगं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपलेलं, उभ्यानेच. वीणा त्याच्याच गळ्यात. पट्ट्याची गाठ शाबूत.

म्हणजे तो पहारा झाला कुणाचा?

देवळाच्या भिंतीवरच्या यादीत दोन ते चारला गैरहजर होते त्या दोघांचीच नावं आहेत. पोराचंही नाही. हे बघून मला हसूच आलं. मी इथे पानं भरतेय आणि तिकडे विठोबाच्या दफ्तरात एक फोन बंद असलेला माणूस आणि एक पाणी धरणारा माणूस रात्रभर नाम घेत उभे आहेत.

भाजी निवडताना धाकटीला सांगितलं सगळं. मला वाटलं चिडेल, तिच्या पोराला रात्री दोनला उठवलं म्हणून. ती मेथी खुडत राहिली. मग म्हणाली, "हातात आली होती ना ताई? मग घालायची की गळ्यात. अण्णांनी काय ओढून घेतली असती?"

मी म्हटलं, "धीर झाला नाही गं."

"मला बरं कुंकू लावायला सांगता भर सभेत."

बाकीच्या बायका हसल्या. तीही हसली, म्हणून मला हसावं लागलं. ठराव झाला त्या संध्याकाळी मी करंडा घेऊन तिच्यासमोर उभी राहिले होते, फोटोवाला होता, टाळ्या वाजवायला लोक तयार होते. तिने मान मागे घेतली. ठराव तुमचा, कपाळ माझं, एवढंच म्हणाली, तेही हळू. मी ते भीती म्हणून नोंदवून ठेवलं होतं. आजवर तेच समजत होते. टिकली ती आता लावते, बारीकशी, काळी, मनाला येईल तेव्हा. कालच्या एकादशीला लावली नव्हती. मी विचारत नाही.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गप्प बसण्याचे अर्थ लावले, आपल्यावर आली तेव्हा एकही अर्थ पुरेना. त्यांना अडवलेलं असतं आणि मी नुसती थबकते, असं काहीतरी मनात होतं बहुतेक.

*

रात्र. हरिपाठ झाला, जेवणं झाली, आत्ता कीर्तन सुटलं.

प्रसाद वाटताना अण्णा जवळ आले. म्हणाले, "वहिनी, आजही याल का दोनला? ते दोघं काही येत नाहीत. पोरगं एकटं पडतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. खरंच त्यांना काही दिसत नव्हतं की सगळं दिसूनच विचारत होते, मला अजून कळलेलं नाही. चष्म्यावर चुलीची वाफ होती. म्हटलं, येते. यादीबद्दल काही बोलले नाही. पट्टा मात्र तिथल्या तिथे तपासला. गाठ ओढून ओढून दगड झाली आहे, नखाने सुटेना. दाताने सोडवावी लागेल. मग तो मोठ्या माणसाच्या मापाचा होईल.

धाकटीही येते म्हणाली, थर्मासमध्ये चहा घेऊन. कुणी विचारलंच, तर पोराची आई म्हणून आलेय, असं सांगायचं ठरलंय. मी कोण म्हणून आले ते अजून ठरायचंय. गजर पावणेदोनचा लावला आहे.