तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पण ते एमडी नाहीत ना?’

दापोलीत चांगला फॅमिली डॉक्टर कोण, हे मला विचारणाऱ्यांचे दोन प्रश्न असतात. पहिल्यात नाव विचारतात. मी सांगते. नंबर मोबाइलमध्ये भरून झाला की दुसरा येतो, ‘पण ते एमडी नाहीत ना?’ निवृत्तीनंतर इथे बंगले बांधून राहायला आलेले विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, आणि दर मे महिन्यात बोरिवलीहून आलेला माझा दादा विचारतो. त्याचा प्रश्न जरा वेगळा असतो: ‘आईला अजून त्या बीएएमएसकडेच नेतेस?’

नाहीत, ते एमडी नाहीत. बीएएमएस आहेत, म्हणजे आयुर्वेदाचे पदवीधर. दवाखान्याच्या पाटीवर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यांनी ते कधी लपवलेलं नाही. आता एकदाच सगळं सांगते, म्हणजे पुढच्या वेळी दारात उभ्याउभ्या अर्धवट उत्तर द्यायला नको.

आमचे आधीचे डॉक्टर गेल्यावर दवाखाना बंद झाला. त्यांच्या आठवणी तुमच्याकडेही आहेत, त्या इथे नकोत. त्यानंतर दीड वर्ष आम्हाला डॉक्टर नव्हता. म्हणजे डॉक्टर गावात भरपूर होते. हाडांचे, बायकांचे, लहान मुलांचे, ‘दर गुरुवारी’ अशा पाटीवर मुंबई-पुण्याहून येणारे. सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे. एमडीही आहेत आणि ते चांगले आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सकाळी नंबर लावायचा, दुपारी दीडला आत जायचं, आणि पुढच्या खेपेला आईचं नाव पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. शिवाय त्यांचं हॉस्पिटल वरच्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे गेलेले. खरं सांगायचं तर मी बीएएमएस डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले ती या जिन्यामुळे. त्यामागे विचार वगैरे काही नव्हता.

मग मात्र विचारपूस केली. आमच्या मेडिकलवाल्याला विचारलं. छोट्या गावात डॉक्टर शोधायचा असेल तर मेडिकलवाल्याला ‘कोण चांगला’ असं विचारू नका, तो सगळ्यांचीच नावं घेईल. ‘कोणाची चिठ्ठी आखूड असते’ असं विचारा. आणि रात्री दुकान बंद करताना कोणाचा पेशंट गोळ्या न्यायला येतो, ते विचारा. दोन्ही वेळा त्यानं एकच नाव सांगितलं.

दहा वर्षांपूर्वीची मी इथे मला अडवते. तेव्हा शेजारच्या वहिनींना मी तावातावानं सांगितलं होतं, की आयुर्वेद शिकलेल्या माणसानं अँटिबायोटिक लिहावंच कशाला? आजही तो प्रश्न मी मोडीत काढलेला नाही. कायदा मला माहीत आहे. १९९२च्या सरकारी अधिसूचनेपासून महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या आयुर्वेद पदवीधरांना अॅलोपॅथीची औषधं देता येतात, आणि अशी मुभा द्यायचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानं १९९८मध्ये मान्य केला. सप्टेंबर २०२५मध्ये, अॅलोपॅथीच्या औषधांचा एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या नोंदणीवरून अॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवसाचा बंद पुकारला, तेव्हा दादानं मला एकापाठोपाठ एक सात बातम्या पाठवल्या. मी सगळ्या वाचल्या. कायद्यानं मुभा आहे म्हणजे ज्ञान आहे असं होत नाही, हे त्याचं म्हणणं मला पटतं.

मी त्याला उलट महाडचं उदाहरण दिलं. आपल्या कोकणात विंचू चावून माणसं मरत होती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी छोट्या गावात राहून प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं ती वाचवून दाखवली आणि १९८०च्या दशकात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. दादानं एका ओळीत उत्तर दिलं, ‘बावस्कर एमडी आहेत.’ बरोबर आहे त्याचं. माझं उदाहरण माझ्याच विरुद्ध गेलं.

पण दादाला आणि तुम्हालाही एक गोष्ट मी आजवर पूर्ण सांगितलेली नाही. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्याची.

त्या एप्रिलमध्ये आई दादाकडे बोरिवलीला होती. तिथे त्यानं तिला एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ब्लडप्रेशर जरा जास्त निघालं, म्हणून जुन्या गोळीच्या जागी नवी आली, जोडगोळी, एकीत दोन औषधं. मीठ कमी करायलाही सांगितलं. मेच्या पहिल्या आठवड्यात आई परत आली. सोमवारी तिला मळमळायला लागलं, जेवण जाईना, पाय ओढत चालायला लागली. मी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी प्रेशर बघितलं, जीभ बघितली, आणि विचारलं, ‘गोळ्या त्याच ना, बाई?’

मी ‘हो’ म्हटलं.

का म्हटलं, ते मला नीट माहीत आहे. त्यांना डावलून आम्ही मुंबईला दाखवून आलो हे त्यांच्यासमोर बोलायचा मला संकोच वाटला. मुंबईची फाइल माझ्या पिशवीत होती. ती मी बाहेर काढली नाही.

त्यांनी उलटीची गोळी दिली आणि म्हणाले, उकाडा फार आहे, अंगातलं पाणी कमी झालं असेल, भरपूर पाणी पाजा. मी शाळेतली बाई. सांगितलेलं काम मी काटेकोर करते. दर तासाला एक भांडं पाणी. कॅलेंडरवर रेघा ओढत होते. आई नको म्हणायची, मी पाजायचे. मंगळवारी चौदा रेघा, बुधवारी सोळा.

गुरुवारी संध्याकाळी आई पडवीत येऊन मला म्हणाली, ‘गुरं अजून आली नाहीत गो.’ आमच्या वाड्यात तीस वर्षांत गुरं नाहीत. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, अठ्ठ्याहत्तर वय आहे, होतं असं. मलाही ते खरं मानायचं होतं. साडेनऊला ती झोपेतून नीट जागी होईना, तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला. पंधरा मिनिटांत ते स्कूटरवरून आले.

त्यांनी तपासलं. मग एक विचित्र गोष्ट केली. स्वतःच्या खिशातून पाचशेची नोट काढून आईच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘काकू, माझी फी द्या.’ आईनं नोट तशीच परत दिली. ते तिच्याकडे बघत थांबले. ती डोळे मिटून पडून राहिली.

तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. दीडशे रुपये फी. पाचशे दिले तर साडेतीनशे परत हातात पडेपर्यंत ती खुर्चीतून उठायची नाही, आणि ते दोनदा मोजायची. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘काकूंनी सुटे मागितले नाहीत. हे वयाचं नाही. सोमवारी माझ्याशी पैशावरून भांडल्यात त्या.’ मग म्हणाले, ‘घरातल्या सगळ्या गोळ्या आणा. सगळ्या.’

तेव्हा मी ती फाइल काढली. ट्यूबलाइटखाली पाकीट तिरकं धरून त्यांनी नाव वाचलं. जोडगोळीतलं दुसरं औषध क्लोरथॅलिडोन, लघवी वाढवणारं. म्हाताऱ्या माणसांच्या, विशेषतः बायकांच्या रक्तातलं सोडियम त्यानं झपाट्यानं उतरू शकतं, तेही गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. आणि वरून साधं पाणी पाजत राहिलं तर ते आणखी उतरतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, ‘ही कधीपासून?’ मी तारीख सांगितली. ते मला एक शब्द बोलले नाहीत.

लॅबवाल्या मुलाला त्यांनी घरून उठवून आणलं. रिपोर्ट आला, सोडियम ११४. ते १३५ ते १४५च्या मध्ये असायला हवं. चिपळूणच्या आयसीयूत त्यांनी स्वतः फोन लावला, चिठ्ठी लिहिली, आणि आम्ही अँब्युलन्सनं निघालो. खेडवरून साठेक किलोमीटर. मी आईचा हात धरून बसले होते, आणि मोबाइलच्या उजेडात ती चिठ्ठी वाचत होते. औषधाचं नाव, तारीख, रिपोर्ट, सगळं सुवाच्य होतं. शेवटची ओळ होती: ‘सोमवारी मी नवीन औषधाची खात्री न करता जास्त पाणी देण्याचा सल्ला दिला होता.’

खात्री त्यांनी केली होती. खोटं मी बोलले होते. ते त्यांनी लिहिलं नाही. परशुराम घाट उतरेपर्यंत मी ती ओळ किती वेळा वाचली, सांगता येणार नाही.

तिथल्या एमडी डॉक्टरांनी आईला वाचवलं, हेही तितकंच खरं आहे. तीन टक्के सलाइन अगदी सावकाश, दर काही तासांनी रक्त तपासत. सोडियम घाईनं वर आणलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, दिवसाला आठ-दहापेक्षा जास्त वाढवायचं नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. हे आमच्या डॉक्टरांना जमलं नसतं, आणि त्यांनी करून बघण्याचा हट्टही धरला नाही. पाचव्या दिवशी आईनं मला विचारलं, ‘रोजचे किती घेतात इथे?’ मी बाहेर जाऊन रडले.

दादाचा प्रश्न असा आहे, आणि तो मला सोडत नाही: एमडीकडे नेलं असतं तर सोमवारीच सोडियम तपासलं गेलं नसतं का? कदाचित गेलं असतं. ती नवी गोळी एका मोठ्या डॉक्टरांनीच सुरू केली होती आणि ‘दोन आठवड्यांनी रक्त तपासा’ असं त्यांच्या चिठ्ठीत कुठेही नव्हतं, असं मी त्याला म्हणते. तो म्हणतो, पण ते चुकले म्हणून हे बरोबर ठरत नाहीत. नाहीच ठरत. आमच्या डॉक्टरांचं मला न पटणारंही बरंच आहे. पेशंटनं मागितली की ते सुई देतात. हर्णै, आसूदहून आलेला माणूस सुईशिवाय समाधानानं जात नाही, असं ते म्हणतात. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही आणि मी त्यांना तसं सांगितलंय. गणपतीत पाच दिवस त्यांचा फोन बंद असतो. ते स्वतः साठीला आलेत, मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो काही परत येणार नाही. पुढे काय, हे मला माहीत नाही.

दवाखान्यात आईचा एक केसपेपर आहे, आता त्याची जाड वही झालीय. पहिल्या पानावर लाल पेनानं त्या गोळीचं नाव आहे आणि पुढे ‘कधीही नाही’. दादा हल्ली मुंबईचा प्रत्येक कागद मला आधी पाठवतो. बीएएमएसचं त्याला अजून पटलेलं नाही, आणि त्यानं का पटवून घ्यावं, हे मी त्याला सांगू शकत नाही.

काल समोरच्या नव्या बंगल्यातल्या काकूंनी विचारलं. मी नाव दिलं, दुसऱ्या प्रश्नाची वाट न बघता डिग्रीही सांगितली. आणि म्हटलं, जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घालून न्या. पुण्याच्यासुद्धा.