हात शिवशिवतात

‘रंग ओला आहे’ अशी पाटी बाकावर लटकवली, की तो खरंच ओला आहे का हे बोटाने तपासणाऱ्यांची रीघ लागते. पाटी नसती तर यातले निम्मे लोक त्या बाकाकडे फिरकलेही नसते. गाडीच्या नशिबी तर पाटीही नाही. नव्याने रंगवलेली गाडी दारात उभी राहते, बॉनेटवर ऊन लखलखतं, आणि येणारा-जाणारा ‘वा, काय चमकतेय!’ म्हणत तर्जनी टेकवून जातो. नुसत्या डोळ्यांनी केलेलं कौतुक आपल्याकडे बहुधा धरत नाहीत.

मालकाचं तर विचारूच नका. त्याला पुसायचं असतं, धुवायचं असतं, वॅक्स लावायचं असतं, वर कव्हर घालायचं असतं. खर्च केलाय, तर काळजी घ्यायला नको? पण नव्या रंगाची पहिल्या काही आठवड्यांतली काळजी म्हणजे यातलं बहुतेक सगळं न करणं. मला ही फार अवघड गोष्ट वाटते. काम सांगितलं तर माणूस करतो. गप्प बसायला सांगितलं की त्याचे हात शिवशिवतात.

गाडी ताब्यात देताना पेंटर ‘वाळलाय’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. बोटाला रंग लागत नाही, धूळ चिकटत नाही. पण नवं प्लास्टर वरून कोरडं दिसलं तरी भिंत आत कितीतरी दिवस ओल धरून असते, तसंच हेही. थिनरचे उरलेसुरले अंश थरातून हळूहळू बाहेर पडत असतात. शिवाय क्लिअर कोटमध्ये, म्हणजे सगळ्यांत वरच्या पारदर्शक थरात, मिसळलेला हार्डनर (थर कडक करणारं रसायन) आतल्या रेझिनशी, म्हणजे थर बांधून धरणाऱ्या राळेशी, सांधे जोडत असतो. रसायनांचं हे विणकाम संपेपर्यंत रंग मऊच राहतो. अंगठ्याने जोर दिला तर ठसा उमटू शकतो, आणि कुणी प्रेमाने डिकीवर बूड टेकलं तर विचारायलाच नको.

‘मग कंपनीतून आलेली कोरी करकरीत गाडी दुसऱ्या दिवशी धुतली तरी चालते, ती कशी?’ असा प्रश्न चाणाक्ष माणूस विचारतोच. कारखान्यात रंग चढतो तो नुसत्या पत्र्याच्या सांगाड्यावर. टायर नाहीत, सीट नाहीत, वायरी नाहीत. त्यामुळे तो सांगाडा 140 अंश सेल्सियसच्या आसपास भट्टीत खुशाल भाजता येतो. वर्कशॉपमध्ये येते ती सगळा संसार आत मांडलेली गाडी. तिला तेवढी आच दिली तर रंग पक्का होईल, बाकीचं वितळेल. म्हणून तिथल्या बूथमध्ये साधारण 60 अंशांवर भागवतात आणि उरलेलं काम काळावर सोपवतात. हार्डनर कोणता, हवा किती थंड, थर किती जाड, यावर तो काळ कमी-जास्त होतो.

अर्थात आपण फार लाडावलेलो आहोत. मोटारी सुरू झाल्या तेव्हा व्हार्निशचे थर ब्रशने देत आणि एकेका गाडीचा रंग पुरा व्हायला आठवडेच्या आठवडे जात. 1923 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचं ‘ड्यूको’ हे झटपट वाळणारं लॅकर गाड्यांवर आलं आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. तेव्हापासून माणसाला वाटतं, रंग दिला म्हणजे झाला.

‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणतात. रंगाच्या बाबतीत नव्वद धरावेत. वॅक्ससाठी निरनिराळे रंग-उत्पादक 30 ते 90 दिवस थांबायला सांगतात, कारण वॅक्सचा थर वर बसला की आतल्या थिनरची वाट अडते. तिथपर्यंत कशाचाही लेप नको. पहिला आठवडाभर पाणीही शक्यतो टाळावं. मग सावलीत उभी करून, पत्रा थंड असताना, भरपूर साधं पाणी आणि सौम्य कार-शाम्पू. गरगर फिरणाऱ्या ब्रशांखाली गाडी घालण्याचा विचार दोन-तीन महिने मनातही आणू नये. त्यानंतरही आणला नाही तर उत्तम, असं माझं मत.

आता धूळ. धूळ दिसली की खिशातला रुमाल आपोआप बाहेर येतो. पण वरचा क्लिअर कोट जेमतेम 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कमी. धुळीतले वाळूचे कण त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे बारीक पॉलिशपेपर फिरवणं. सावलीत काही दिसत नाही. उन्हात गाडी आली की दिव्याभोवती कोळ्याचं जाळं असावं तशा गोल गोल रेघा चमकतात. काचेवर, बॉनेटवर बोटाने ‘मला धुवा’ लिहिणारे विनोदवीर असतात. तो विनोद धुतल्यावरही पत्र्यावर वाचता येतो. धूळ राहू द्यावी. आधी पाण्याने सोडवावी, मग मायक्रोफायबरला हात घालावा.

एकाच बाबतीत मात्र आळस चालत नाही, ती म्हणजे पक्षी. स्वच्छ गाडी नेमकी हेरण्याचं शिक्षण त्यांना कुठे मिळतं कोण जाणे. त्यांच्या विष्ठेत युरिक ॲसिड असतं. उन्हात तापलेला रंग मऊ होऊन किंचित पसरतो. संध्याकाळी गार होताना तो त्या वाळलेल्या, घट्ट ठिपक्याभोवती आवळला जातो. ठिपका काढला तरी खाली त्याचा नकाशा राहतो. नव्या रंगावर हे आणखी लवकर होतं. इथे हात चालवायचा, पण घासायचं नाही. ओलं फडकं त्यावर काही मिनिटं ठेवायचं, भिजलं की अलगद उचलून घ्यायचं. झाडाचा चीक आणि चिरडलेले किडे यांच्याशीही असाच शिष्टाचार. झाडाखालच्या सावलीचा मोह म्हणूनच टाळावा, आणि पेट्रोल भरताना टाकीच्या झाकणाखाली ओघळलेला थेंब लगेच पाण्याने धुवावा.

‘मग कव्हरच घालू की!’ नको. आत ओलावा कोंडतो, थिनरचा वास कोंडतो, आणि वाऱ्याबरोबर ते कापड धुळीसकट रंगावर दिवसभर घासत राहतं. छपराखाली मोकळी उभी केलेली गाडी सगळ्यांत सुखी.

आणि वर्कशॉपमधून निघताना लागणारी एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. किती दिवस वॅक्स नको हे विचारून घेतातच. त्याच वेळी उरलेला थोडा बेस कोट, म्हणजे क्लिअर कोटखालचा खरा रंग, छोट्या बाटलीत मागून घ्यावा. हार्डनर मिसळलेला क्लिअर कोट भांड्यातच घट्ट होऊन बसतो, त्याला घरी नेण्यात अर्थ नाही. पण हार्डनर न घातलेला बेस कोट घट्ट बूच लावून ठेवला तर टिकतो. बाटलीवर रंगाचा कोड आणि तारीख लिहावी. पुढे कधी खडा उडून रंगाची टिकली निघाली, तर ती झाकायला अगदी त्याच छटेचा थेंब हाताशी असतो. बाटली मागितली की पेंटर जरा विचित्र नजरेने बघतो, आपण त्याच्या कामावर अविश्वास दाखवल्यासारखा. बघू द्यावं. रस्त्यावरचे खडे त्याला विचारून उडत नाहीत.