तुम्ही विचारलंत म्हणून: एकतर्फी ट्रेड मी अडवत का नाही?

‘ताई, ही सरळसरळ लूट आहे. तुम्ही कमिशनर आहात ना, मग हा ट्रेड रद्द का करत नाही?’ दर हंगामात कुणी ना कुणी मला हे विचारतंच. कधी फोनवर, कधी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत. अशा वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन कुणाचं समाधान होत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

न्यू जर्सीतल्या आमच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये बारा संघ आहेत आणि तिची कमिशनर, म्हणजे नियम सांभाळणारी, मी आहे. निम्मे लोक मराठी मंडळातले, बाकीचे शेजारचे आणि ऑफिसातले. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन, इथल्या एनएफएल या व्यावसायिक लीगचं. भारतात फँटसी क्रिकेट खेळलेल्यांना एक फरक सांगायला हवा. तिथे एका सामन्यापुरता संघ निवडायचा असतो आणि विराट कोहली एकाच वेळी लाखो लोकांच्या संघात असू शकतो. आमच्याकडे हंगामाआधी ड्राफ्ट होतो, आळीपाळीने खेळाडू उचलले जातात, आणि एक खेळाडू लीगमध्ये एकाच संघाकडे राहतो. दर आठवड्याला दोन-दोन संघांची गाठ पडते, आणि खऱ्या सामन्यांतल्या खेळावरून ज्याच्या खेळाडूंचे गुण जास्त तो जिंकतो. तो दुसऱ्याला हवा असेल तर त्याच्या मालकाशी बोलणी करून बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. या अदलाबदलीला ट्रेड म्हणतात. सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

माझं उत्तर असं आहे: ट्रेड एकतर्फी दिसतो एवढ्यावरून मी तो कधीच अडवत नाही. मी एवढंच बघते की दोघंही आपापला संघ जिंकावा म्हणून हे करताहेत का. तसं असेल तर किंमत काय ठरवायची हा त्यांचा प्रश्न.

हे अनेकांना पटत नाही, म्हणून 2024 चं उदाहरण देते. त्या वर्षी बहुतेक लीगमध्ये पहिला उचललेला खेळाडू होता सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिश्चन मॅकॅफ्री. पायाच्या दुखण्यामुळे पहिले आठ सामने तो मैदानात उतरलाच नाही. आमच्याकडे तो ज्याच्या संघात होता तो माणूस सुरुवातीचे सामने एकामागोमाग एक हरत गेला. त्याने एका बऱ्यापैकी रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूच्या, बदल्यात मॅकॅफ्री देऊन टाकला आणि ग्रुपवर आरडाओरडा झाला. पण त्या माणसाच्या जागी बसून बघा. पुढचे दोन सामनेही हरला तर प्लेऑफचं, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचं, दार बंद, मग नोव्हेंबरात मॅकॅफ्री परत येऊन काय उपयोग? त्याला आज, या रविवारी खेळणारा माणूस हवा होता. समोरचा पहिल्या क्रमांकावर होता, त्याला थांबणं परवडत होतं. एकाच खेळाडूची किंमत दोन संघांसाठी वेगळी होती आणि दोघांचाही हिशेब बरोबर होता. मॅकॅफ्री नोव्हेंबरात परतला, चार सामने खेळला आणि 1 डिसेंबरला बफेलोत गुडघा दुखावून हंगामातून बाहेर गेला. ज्याला सगळे लुटारू म्हणत होते त्याच्या हाती प्लेऑफमध्ये काहीच उरलं नाही.

आदल्या वर्षी उलट झालं होतं. लॉस एंजेलिस रॅम्सचा पुका नाकुआ हा एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, 177 व्या क्रमांकावर निवडलेला नवखा. आमच्या ड्राफ्टमध्ये आमच्यापैकी कुणी त्याचं नावही घेतलं नव्हतं. पहिल्या सामन्यात त्याने दहा झेल घेतले, दुसऱ्यात पंधरा. त्या आठवड्यात कुणी नावाजलेला रिसीव्हर देऊन नाकुआ घेतला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर 105 झेल आणि 1,486 यार्ड होते, पदार्पणाच्या हंगामातला तेव्हाचा विक्रम. खऱ्या एनएफएलमध्येही हेच होतं. 1989 च्या ऑक्टोबरात डॅलसने हर्शेल वॉकर हा आपला सगळ्यात मोठा खेळाडू मिनेसोटाला देऊन टाकला, तेव्हा डॅलस फसलं असंच अनेकांचं मत होतं. त्या व्यवहारातून मिळालेल्या ड्राफ्ट पिक्सवर, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या हक्कांवर, डॅलसने पुढचा संघ उभा केला आणि 1992 ते 1995 या चार हंगामांत तीन सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले. आयुष्यभर हेच काम करणाऱ्यांना त्या दिवशी भाव कळला नाही, तर आमच्या बारा जणांच्या ग्रुपने तो मंगळवारी रात्री कसा ठरवावा?

‘मग मतदान घ्या’ असं लगेच सुचवलं जातं. बहुतेक ॲपमध्ये ती सोय आहे: ठरावीक लोकांनी विरोध नोंदवला की ट्रेड आपोआप रद्द. मी ती सोय बंद ठेवते, आणि याबाबत माझं मत फार ठाम आहे. ट्रेडमुळे दोन संघ बळकट होतात, तेव्हा उरलेल्या दहांचं थोडं नुकसानच होत असतं. पुढच्या रविवारी ज्याची त्या संघाशी गाठ आहे, त्याच्या हातात रद्द करण्याचं बटण दिल्यावर तो काय करील? माणसं वाईट नसतात. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे प्रत्येक मतदानात मला दिसलंय. ज्याचा ट्रेड एकदा असा पाडला जातो तो पुढच्या वेळी दुसऱ्याचा पाडतो, आणि ऑक्टोबरअखेर लीगमध्ये कुणी कुणाशी बोलणीच करत नाही.

अडवायचं काय, हेही स्पष्ट सांगते. दोघांनी मिळून एकाला जिंकवायचं आणि बक्षीस वाटून घ्यायचं. या आठवड्यात माझ्या खेळाडूला बाय आहे, म्हणजे त्याच्या संघाचा सामनाच नाही, तुझा दे, पुढच्या आठवड्यात परत घे, अशी उसनवारी. ट्रेडच्या बदल्यात बाहेरून पैसे किंवा दुसरं काही देणं. आणि हरल्याच्या रागात लीग सोडताना आपले चांगले खेळाडू मित्राला वाटून टाकणं. हे चारही प्रकार ड्राफ्टच्या आधी नियमांत लिहिलेले असतात आणि प्रत्येकाने ते वाचल्याचं कळवलेलं असतं. हंगाम सुरू झाल्यावर नियम बदलत नाही, कितीही चांगली सूचना आली तरी. ती पुढच्या वर्षासाठी.

तक्रार आली की मी दोघांना वेगवेगळा फोन करते आणि एकच प्रश्न विचारते: या ट्रेडने तुमच्या संघाचा काय फायदा होतो? आमच्या लीगमध्ये मामा आणि भाचा आहेत. मामांनी भाच्याला एक उत्तम रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, दिला आणि बदल्यात दोन मधल्या फळीतले रिसीव्हर घेतले, तेव्हा दोन तक्रारी आल्या, दोन्हींत नात्याचाच उल्लेख. मामा म्हणाले, ‘माझ्याकडे रनिंग बॅक चार आहेत, खेळवता येतात दोन. रिसीव्हर एकच धड आहे. दर रविवारी ती जागा वाया जाते.’ त्यांचा संघ उघडून बघितला, अगदी तसंच होतं. भाच्यानेही त्याची बाजू न अडखळता सांगितली. ट्रेड मंजूर केला. ज्याच्या मनात काळंबेरं असतं त्याला आपल्या संघाबद्दल सांगता येत नाही. तो समोरच्याच्या अडचणीबद्दल बोलतो, ‘त्याला गरज होती म्हणून दिला’ म्हणतो. हे उत्तर ऐकलं की मी पुढे खोलात जाते.

फोननंतरही शंका उरली तर दोन्ही संघांची यादी, गुणतक्ता आणि ट्रेड, नावं काढून, आमच्या लीगबाहेरच्या एका अनुभवी कमिशनरकडे पाठवते. कोण मामा आणि कोण भाचा हे त्याला माहीत नसतं. त्याचा निर्णय मी पाळते. हे सगळं एका दिवसात उरकावं लागतं, कारण गुरुवारी रात्री आठवड्याचा पहिला सामना सुरू होतो आणि त्यात खेळणारे खेळाडू लॉक होतात, म्हणजे त्या आठवड्यापुरते बदलता येत नाहीत. एकदा सामना झाला की ट्रेड मागे फिरवायचा नाही, कारण मग तिसऱ्याच माणसाचा निकाल बदलतो.

नवख्यांचा प्रश्न मात्र खरंच अवघड आहे आणि त्यावर मी खूप विचार केलाय. 18 सप्टेंबर 2023 ला, सोमवारी रात्रीच्या सामन्यात, क्लीव्हलंडच्या निक चबचा गुडघा दुसऱ्या क्वार्टरमध्ये वाईट रीतीने दुखावला. त्याचा तो हंगाम तिथेच संपला. आमच्याकडे चबच्या मालकाने त्याच रात्री एका नव्या सभासदाला चब देऊ केला. ती बाई सामना न बघता झोपलेली. पहाटे कामावर निघताना तिने फोनवर नामांकित नाव बघितलं आणि होकार दाबला. मी तिला माघार घेऊ दिली. समोरचा चिडला, म्हणाला, बातम्या वाचणं ही ज्याची त्याची जबाबदारी. मला ते पटत नाही. चब पुढे चांगला खेळेल की नाही, हा अंदाज चुकला तर तो ज्याचा त्याने सोसावा. पण तो खेळणारच नाही हे एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, आणि पहिला ते लपवून सौदा करतो, तर तिथे दोघांची संमती होतीच कुठे? तेव्हापासून आमच्या नियमांत आहे: ट्रेड मंजूर होण्याआधीच्या चोवीस तासांत, होकार देताना दुखापतीची किंवा निलंबनाची जाहीर झालेली बातमी माहीत नव्हती, असं सांगून कुणालाही बाहेर पडता येतं. एका हंगामात एकदाच.

राहिला माझ्या स्वतःच्या ट्रेडचा प्रश्न, कारण मीही खेळते. 2011 च्या डिसेंबरात बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी ख्रिस पॉल या खेळाडूला लेकर्स संघाकडे पाठवणारा ट्रेड रोखला. त्या वेळी पॉलचा न्यू ऑर्लीन्स संघ खुद्द लीगच्याच मालकीचा होता. ‘बास्केटबॉलच्या कारणांसाठी’ रोखला, असं स्पष्टीकरण मिळालं, आणि काही दिवसांत तोच पॉल क्लिपर्स या दुसऱ्या संघाकडे गेला. त्यांचा हेतू स्वच्छ असेलही. पण मालक आणि पंच एकच असल्यावर लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा? म्हणून माझा प्रत्येक ट्रेड, तक्रार असो वा नसो, आमच्या खजिनदारांकडे जातो. त्यांनी विचारलं की मीही त्याच प्रश्नाचं उत्तर देते. गेल्या हंगामात त्यांनी माझा एक ट्रेड गुरुवारच्या सामन्यापर्यंत अडकवून ठेवला आणि तो खेळाडू मला त्या आठवड्यात वापरता आला नाही. यंदाही खजिनदार तेच आहेत.