टीव्ही गुरगुरतोय म्हणून फोन आला

दसऱ्याला दुकानात जेवायला वेळ मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी फोन खाली ठेवायला. मी सांगलीत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आहे, काउंटरवर विक्री पण करतो आणि माणूस कमी पडला की फिटिंगला पण जातो. मागच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच विश्रामबागेतल्या एका काकांचा फोन. म्हणाले, "अरे तुमचा टीव्ही भुंग्यासारखा गुरगुरतोय आणि चित्र काही नाही. हा परत घेऊन जा." शेठनी माझ्याकडे बघितलं, कारण तो पीस मीच विकला होता. ४३ इंची, फोरके, कडेला बोटाएवढा जाड. विकताना मी तीन वेळा "किती स्लिम आहे बघा काका" म्हटलं होतं. पाठ कशी आहे ते मी दाखवलं नाही, त्यांनी पण विचारलं नाही.

गेलो तर टीव्ही भिंतीवर चढलेला. कंपनीचा माणूस तीन दिवसांनी येणार म्हणाल्यावर काकांना कुठला दम निघतोय, त्यांनी ओळखीच्या वायरमनला बोलावून रात्रीच फिक्स ब्रॅकेटवर बसवून घेतला होता. भिंत आणि पाठ यात जेमतेम दोन बोटं जागा. डोकं भिंतीला टेकवून मोबाईलचा टॉर्च मारला. कडेला एक एचडीएमआय, एक यूएसबी आणि हेडफोनसारखं दिसणारं एक बारीक भोक, त्यावर एव्ही इन लिहिलेलं, म्हणजे बाहेरचं चित्र-आवाज आत घ्यायचं. बाकी सगळं, म्हणजे एआरसीवालं (टीव्हीचा आवाज बाहेर पण देणारं) दुसरं एचडीएमआय, ऑप्टिकल (आवाज उजेडातून बाहेर देणारं), इंटरनेटचं लॅन, अँटेना, थेट भिंतीकडे तोंड करून. भिंतीत काय वायर खुपसणार? एचडीएमआयची साधी पिन घेतली तरी वायर वळायला दीड-दोन इंच लागतातच.

गुरगुर मात्र ऐकल्या ऐकल्या कळली. जुन्या टीव्हीला चित्राचं पिवळं, आवाजाची लाल, पांढरी अशी तीन भोकं असायची, स्लिम सेटमध्ये तेवढी जाडीच उरली नाही म्हणून कंपन्यांनी तिन्ही त्या एका साडेतीन एमएमच्या भोकात कोंबली, आणि बॉक्समध्ये एक वीतभर ॲडॉप्टर वायर देतात. ती काही वायरमनला सापडली नव्हती. त्यानं काकांच्या जुन्या हँडीकॅमची वायर घेतली, पिन बसली, झालं काम असं समजून डीव्हीडी प्लेयरला जोडून गेला. पण त्या पिनवर चार कड्या असतात आणि कुठल्या कडीवर चित्र न् कुठल्या कडीवर आवाज हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. पिन फिट बसते म्हणून वायर बरोबर असं नसतं, हे आमच्या धंद्यात फार महागात पडतं. इथं चित्राचा सिग्नल सरळ आवाजाच्या लाइनवर जात होता. आपल्याकडचं चित्र सेकंदाला ५० वेळा पडद्यावर फिरतं, ते स्पीकरमध्ये गेलं की घर्रर्र असा आवाज येतो. पडद्यावरचं दृश्य बदललं की घरघर पण थोडी बदलते.

मी टीव्हीला हात न लावता खाली डीव्हीडी प्लेयरच्या मागं बसलो आणि पिवळी पिन लालमध्ये, लाल पिवळ्यात घातली. पडद्यावर एकदम काकूंच्या शाळेचं गॅदरिंग चालू!

काका दोन मिनिटं बघतच बसले. मग म्हणाले, "म्हणजे इतका वेळ आम्ही हे गॅदरिंग कानानं बघत होतो की रे." काकू आतून हसल्या.

परत न्यायचं संकट टळलं, पण काका सोडतात होय. कोपऱ्यात त्यांचा जुना ॲम्प्लिफायर, भजनं आणि नाट्यसंगीत त्याच्यावरच ऐकायचं असा नियम, आणि त्याला मागं फक्त लाल-पांढरी भोकं. टीव्हीला लाल-पांढरं आउट नाही, हेडफोनचं भोक पण नाही. एआरसीचा इथं उपयोग शून्य कारण ॲम्प्लिफायरला एचडीएमआयच नाही. राहिलं ऑप्टिकल, ते भिंतीकडे. मग काय, उतरवला टीव्ही. मी आणि काका दोघांनी, आठ-नऊ किलोचा असेल, पण पॅनेल एवढं पातळ की दाबून धरायची भीती वाटते, आणि काका सारखं "सोडू का, सोडू का" करत होते.

ऑप्टिकलमध्ये लाल उजेड दिसला म्हणजे पोर्ट जिवंत. दुकानातून छोटा कन्व्हर्टर मागवला, उजेडाचा आवाज करून लाल-पांढऱ्यात देणारा. जोडला तर शांतता. काकांचा चेहरा परत पडला. सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउट ऑटोवरून पीसीएमवर, म्हणजे साध्या न दाबलेल्या आवाजावर टाकलं, कारण हे स्वस्तातले कन्व्हर्टर डॉल्बीचा दाबून भरलेला आवाज उलगडत नाहीत, आणि ॲम्प्लिफायर बोलला. सेट-टॉप बॉक्स कडेच्या एचडीएमआयवर घेतला, त्याच्या एचडीएमआयवरचं प्लास्टिकचं टोपण केबलवाल्यानं काढलंच नव्हतं. काकांचा मुलगा पुण्याहून येताना लॅपटॉप आणतो म्हणाले, म्हणून मागच्या एचडीएमआयला एक एक्स्टेन्शन लावून टोक खाली सोडून ठेवलं आणि त्या पोर्टचं सिग्नल सेटिंग वाढवून दिलं, नाहीतर काही सेटवर फोरके सेकंदाला तीस चित्रांच्या वर जात नाही आणि माउस ओढल्यासारखा चालतो. मग सरकणारं ब्रॅकेट लावून टीव्ही परत वर. चार तास गेले. शेठचे सहा फोन.

निघताना म्हटलं, काकू, टीव्हीच्या बॉक्समधली पिशवी टाकली का हो? हँडीकॅमच्या उलट्यापालट्या पिनांवर कायमचं ठेवणं मला बरं वाटत नव्हतं, कुणीतरी उद्या रंगाला रंग जुळवणार आणि परत भुंगा. काकू म्हणाल्या, टाकेन कशी, किमती वस्तू म्हणून ठेवलीय. देवघराच्या खणातून पिशवी आली, दसऱ्याला टीव्हीसोबत तिची पण पूजा झालेली. आत वॉरंटी कार्ड, दोन स्क्रू, आपट्याची चार पानं आणि ती वीतभर वायर. पिवळ्या भोकात थोडं कुंकू गेलं होतं. शर्टाच्या टोकानं पुसलं आणि लावली.