माझी झोप: आधी ४, मग १२

मंगळवार, रात्री १२.१०

आज आमच्या मेडिकलच्या बॅचमधल्या एकीने रिसर्च प्रोजेक्टसाठी फॉर्म भरून घेतला. पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स. १९८९ पासून वापरात असलेली प्रश्नावली आहे, गेल्या महिनाभराच्या झोपेची. ० ते २१ गुण, आणि इथे जास्त गुण म्हणजे वाईट. ५ च्या वर गेलात की झोप बिघडलेली.

मी मेसमध्ये बसून दोन मिनिटांत भरून टाकला. अंथरुणावर साडेबारा, उठणं साडेसात, झोप लागायला पंधरा मिनिटं, झोप साडेसहा तास. गुण आले ४. तब्येतीने ठणठणीत!

पण त्या फॉर्मच्या शेवटी खोलीतल्या जोडीदाराला विचारायचे काही प्रश्न असतात. घोरते का, झोपेत पाय झटकते का, असले. त्यांचे गुण धरत नाहीत, पण त्यासाठी कागद रूममेटच्या हातात गेला आणि तिने आधी माझी उत्तरं वाचली. "पंधरा मिनिटं? अगं, दोन वाजता तुझ्या रील्सच्या उजेडात मी पाणी पिऊन येते!"

मी म्हटलं, नदीपात्रातले ढोल. 'झोपमोडीची इतर कारणं' या रकान्यात मी तेच लिहिलं होतं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "पथकाचा सराव दहाच्या आत संपतो."

मग दोघींनी बसून खरा हिशेब मांडला. पडते साडेबाराला, झोप लागते अडीचला. म्हणजे अंथरुणात सात तास आणि झोप पाच. पाच भागिले सात, ७१ टक्के. ८५ च्या वर असेल तर चांगलं. एकूण गुण १२. तीच मी, तोच महिना.

खोटं का लिहिलं, तेच कळत नाही. एरवी तर आम्ही उलटं खोटं बोलतो. टर्मिनल परीक्षेच्या आधी 'मी फक्त तीन तास झोपले' हे सांगताना प्रत्येकीची मान किती ताठ असते! चांगली आठ तास झोपलेली मुलगी पेपरच्या दिवशी ते बोलतसुद्धा नाही. कागदावर मात्र मला शहाणी दिसायचं होतं बहुतेक.

फॉर्म रात्रीचीच झोप विचारतो, त्यामुळे एक गोष्ट त्यातूनही सुटली. वॉर्डातलं पोस्टिंग, लेक्चर आटोपून आले की मी साडेचार ते सहा ढाराढूर झोपते. (दुपारी १ ते ४ दुकानं बंद ठेवणाऱ्या गावात याला कोण नावं ठेवणार!) दिवसभर मेंदूत साठलेलं, झोप आणणारं अडेनोसिन त्या दीड तासात बरंचसं ओसरतं. उरलेल्याची वाट रात्री साडेनऊचा कँटीनचा चहा अडवतो. चहातलं कॅफिन अडेनोसिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्या बसायच्या जागेवर, जाऊन बसतं, त्याचं हाफ लाइफ साधारण पाच तास. म्हणजे अडीचला निम्मं अजून अंगात. हे फार्मकच्या (औषधशास्त्राच्या) व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, मला विचारलं होतं आणि मी धडाधड सांगितलं होतं. सर खूश. त्या आनंदात संध्याकाळी आम्ही सगळ्या चहाच प्यायला गेलो.

आईला यातलं काही सांगितलं नाही. ती तळपायाला खोबरेल चोळ म्हणेल आणि मोबाइल कपाटात ठेव म्हणेल. तेलाचं ठीक आहे.

संध्याकाळी पहिला फॉर्म परत मागून घेतला आणि १२ वाला दिला. प्रोजेक्टवाली जरा वैतागली, म्हणाली, असं सगळ्याच करायला लागल्या तर माझा डेटा काय होईल? मी म्हटलं, बरा होईल.

आजपासून झोप नेमकी किती वाजता लागते ते लिहून ठेवायचं ठरवलंय. पण घड्याळ आहे मोबाइलमध्ये. रूममेट कुशीवर वळून म्हणतेय, "आता तो दिवा घालव, बाई."