कुत्रा कुणाचा, हे आधी विचारा

फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत सांभाळायला, कुत्रा घरी आणण्यापूर्वी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला काय विचारावे, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता एकदाच सावकाश लिहून टाकते. बहुतेकांना माझ्याकडून यादी हवी असते: लस झाली आहे का, खाण्याचा खर्च कुणाचा, किती दिवस ठेवायचे. हे विचारावेच. पण यातले बरेचसे मीही विचारले होते, आणि मला उत्तरेही मिळाली होती.

माझ्याकडे फॉस्टर म्हणून आलेल्या टिकल्या या पिल्लाला लस दिली आहे, असे संस्थेने सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. दीड महिन्याचा असताना एका शिबिरात त्याला एक डोस मिळाला होता. मात्र त्या वयात आईकडून आलेली प्रतिकारशक्तीच लसीला निकामी करू शकते, आणि म्हणून पिल्लाला दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस देत किमान १६ आठवड्यांच्या वयापर्यंत न्यावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. त्याच्या पुस्तिकेत तारीख पेनाने लिहिलेली होती आणि कुपीवरचे लेबल चिकटवायची जागा कोरी होती. तेव्हा कोणती लस, कितव्या आठवड्यात, कितवा डोस, असे विचारा आणि पुस्तिकेचा फोटो मागा. पिल्लू इतर कुत्र्यांपासून किती दिवस वेगळे ठेवले होते, हेही विचारा, कारण डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग अंगात शिरल्यावर दिसू लागायला दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ जाऊ शकतो.

जूनच्या मध्यावर टिकल्या आमच्या पालशेतच्या घरी आला, आणि सहाव्या दिवशी त्याचे डोळे चिकटू लागले. मी ती पावसाळी सर्दी समजले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याचा जबडा काहीतरी चघळत असल्यासारखा आपोआप हलू लागला, तोंडाला फेस आला, आणि पुढचा डावा पाय झोपेतही ठरावीक लयीत उडत राहिला. सासूबाई पदराने त्याचे तोंड पुसत होत्या. वीज गेलेली होती. यजमानांनी गाडी काढली आणि मी मागच्या सीटवर त्याला गोणपाटात धरून बसले. मार्गताम्हान्याच्या पुढे पाऊस इतका दाट झाला की आम्हाला दोनदा थांबावे लागले. चिपळूणच्या डॉक्टरांनी रात्री साडेअकराला दार उघडले, इंजेक्शने दिली, तासभर वाट पाहिली, आणि झटके पुन्हा सुरू झाल्यावर म्हणाले, “वहिनी, रोग मेंदूत गेलाय. याला सोडवायचं असेल तर इथं सही करा.” त्यांनी पुढे केलेल्या कागदावर पहिलाच रकाना मालकाच्या नावाचा होता. त्यांनी विचारले, “कुत्रा कुणाचा?”

मी म्हणाले, “संस्थेचा.”

ते खरेच होते. मी सही केलेल्या करारात कुत्रा संस्थेच्याच मालकीचा राहील आणि उपचाराचा कोणताही निर्णय फॉस्टर परस्पर घेणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले होते. मुख्य ताईंचा फोन बंद होता. दुसऱ्या क्रमांकावरची मुलगी म्हणाली, “मी नवीन आहे, ग्रुपवर टाका ना.” ग्रुपवर एकाने लिहिले, “आपली संस्था मारत नाही.” दुसऱ्याने लिहिले, “डॉक्टर म्हणतील ते करा,” आणि थोड्या वेळाने तो संदेश पुसला. टिकल्या पहाटे पाचच्या सुमारास त्याच टेबलावर आपोआप गेला. तोपर्यंतचे झटके मी मोजत होते. सतराच्या पुढे मोजणे सोडून दिले.

तुम्ही म्हणाल, करार होता, तुम्ही काय करणार? मीही लोकांना हेच सांगत असते. पण त्या रकान्यात माझे नाव लिहायला मला कुणी अडवले नव्हते. डॉक्टरांनी आधारकार्ड मागितले असते असेही नाही. निर्णय कुणा दुसऱ्याचा आहे यात मला त्या रात्री थोडा आधारच वाटला, हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही.

रेबीजची नोंद पुस्तिकेत नव्हतीच, कारण ती लस देण्याइतका तो मोठा झालेला नव्हता. पण डिस्टेंपरचे झटके आणि रेबीज यांत केवळ पाहून नेमका फरक करता येत नाही, म्हणून आम्हा तिघांना ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी सरकारी रुग्णालयात सुया घ्याव्या लागल्या. सासूबाईंनी त्यावरून मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि तेच अधिक जड गेले.

म्हणून माझे उत्तर एवढेच आहे: रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल, खर्चाची मर्यादा किती, आणि मरणाचा निर्णय कुणाचा, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बाकीचे सांभाळून घेता येते. संस्था शहरातली असेल तर कुंपण आहे का, असे ती तुम्हाला विचारीलच. तिला सांगा की आमच्याकडे बिबट्या गडग्यावरून सहज येतो, तेव्हा कुत्रा रात्री घरातच झोपेल.

पूर्वीची मी यावर चिडली असती. स्वतःच्या खिशातून पदरमोड करणाऱ्या मुलामुलींना उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न विचारले, तर ती दुसरे घर शोधतील आणि दुसरे घर मिळेपर्यंत पिल्लू महामार्गाच्या कडेलाच राहील, असे ती म्हणाली असती. तिचे म्हणणे मला पूर्ण खोडता आलेले नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका संस्थेने एक पांढरी कुत्री ठेवण्याविषयी विचारले. मी तिन्ही प्रश्न लिहून पाठवले. पहिल्या दोहोंची उत्तरे तासाभरात आली. तिसऱ्याचे दोन दिवसांनी आले: “ते वेळ आली की बघू.” सध्या ती पडवीत झोपते.